मुठेच्या कालव्याकाठी सायकलवरून

पुण्यात मुठेचा उजवा कालवा माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. पण तो कोठून येतो आणि कोठे जातो हे सांगणारा माणूसही सहजासहजी सापडणार नाही. दांडेकर पुलाजवळ विचारले तर सांगतात, "तो काय, पर्वतीच्या पायथ्याला." हडपसरचा कामगार म्हणतो, "आमच्या कंपनीच्या मागून जातो." लोणीचा शेतकरी म्हणतो, "आवर्तन सुटलं की येतो." प्रत्येकाजवळ कालव्याचा एकेक तुकडा आहे. हे तुकडे एकदा जोडून पाहावेत म्हणून आम्ही डिसेंबरातल्या दोन रविवारी सायकली बाहेर काढल्या. आम्ही म्हणजे दोन कुटुंबांतील पाच जण, तीन मोठी माणसे आणि दोन मुले. पहिल्या रविवारी पाण्याच्या उलट दिशेने खडकवासल्यापर्यंत जायचे आणि दुसऱ्या रविवारी पाण्याबरोबर खाली उरुळी कांचनपर्यंत, असे ठरले.

सायकलच का, असे शेजाऱ्यांनी विचारले. कारण साधे आहे. कालव्याला चढ चालत नाही, म्हणून कालव्याकाठच्या सायकलस्वारालाही चढ लागत नाही. कालवा काढणारे इंजिनिअर टेकडीच्या कडेकडेने, अगदी हलका उतार धरून पाणी नेतात. टेकडी आडवी आली की कालवा वळसा घालतो. ओढा आला की त्याच्यावरून तरी जातो किंवा खालून तरी. काठावर खात्याच्या माणसांना देखरेखीसाठी जो कच्चा रस्ता ठेवलेला असतो तो सायकलला पुरतो. गिअरची महागडी सायकल असायलाच पाहिजे असे मुळीच नाही. आमच्या दोन सायकली जुन्या, काळ्या, दांडीच्या होत्या. पूर्वी ज्या सायकलींवर पुढे मूल, मागे पत्नी आणि हँडलला डबा अडकवून अख्खे घर फिरायचे, तशाच.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली सुरू झाला. तेथे, आणि पुढे देहूरोडच्या लष्करी डेपोत, आपल्या समाजाच्या पुष्कळ माणसांना नोकरी मिळाली, आणि पाळीला वेळेवर पोचायचे तर सायकलशिवाय इलाज नव्हता. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला पूज्य बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या दिवशी सायकलने गेलेली माणसे आमच्या घरात होती. पुण्यात सायकल ही गरिबाची गाडी होती आणि तिनेच चळवळ वस्त्यावस्त्यांत पोचवली. आज महापालिकेने २०१७ साली मंजूर केलेला सायकल आराखडा आहे आणि रस्त्याकडेला रंगवलेले सायकल मार्ग आहेत. त्या मार्गांवर मोटारी उभ्या असतात हा भाग वेगळा.

पहिल्या रविवारी आम्ही मुद्दाम फुलेवाड्यापासून निघालो. कालवा तेथून दूर नाही. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला तो याच गंज पेठेत. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा; म्हणजे त्याच्या एकोणसाठ वर्षे आधी पुण्यातल्या एका माणसाने आपल्या दारातला हौद मोकळा केला होता. मुलांना हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत शिकवतात. जागेवर उभे राहिले, आजूबाजूच्या पेठा पाहिल्या, की त्या एका ओळीचे वजन कळते. सकाळचे साडेसहा वाजले होते, दरवाजा बंद होता. बाहेरूनच वंदन करून स्वारगेटकडे सायकली वळवल्या.

स्वारगेटहून पर्वतीकडे गेले की कालवा भेटतो. काँक्रीटचे अस्तर, हिरवट पाणी, काठाला रेटून उभी असलेली घरे. वर पर्वतीची टेकडी. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी याच टेकडीवरच्या मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज ही नावे आपल्या वाचकांना सांगायला नकोत. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी हे सवर्ण तरुणही त्यात होते. दरवाजे बंद करून घेतले गेले, दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. देवाची गरज म्हणून आपली माणसे त्या पायऱ्या चढली नव्हती. सार्वजनिक जागेवर माणूस म्हणून पाय ठेवण्याचा हक्क आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. १९५६ नंतर आपल्याला त्या देवळाशी कर्तव्य उरले नाही, तरी त्या पायऱ्यांशी मात्र आहे. आमच्यातल्या दोघांनी सायकली सांभाळल्या आणि बाकीचे मुलांना घेऊन पायऱ्यांपर्यंत जाऊन आले.

टेकडीच्या उतारावर जनता वसाहत. एकाला लागून एक घर, वर चढत गेलेल्या बोळी, आणि पायथ्याशी कालवा. येथे आम्ही ठरवल्यापेक्षा जास्त वेळ थांबलो. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सकाळी कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली. पाणी सिंहगड रस्त्यावर आले आणि उताराने थेट दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसले. दिवसाढवळ्या, आभाळात ढग नसताना पूर! पुरुषमाणसे कामावर गेलेली, बाया धुण्याभांड्याच्या कामांवर. शेकडो घरांत पाणी शिरले. भांडीकुंडी, धान्य, मुलांची दप्तरे, रेशनकार्डे वाहून गेली. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी भिंत पोखरल्याचे कारण सांगितले. घुशी भिंत पोखरतात हे खरेच आहे, ते कोणीही शेतकरी सांगेल. म्हणूनच तर कालव्यावर माणसे नेमायची असतात.

काठावर गोधडी वाळत घालणाऱ्या एका आजींना आम्ही त्या दिवसाबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या दारावरनं पाणी जातंय जन्मभर, पण नळाला पाणी येतंय तासभर. एकदाच काय ते घरात भरपूर आलं." त्या हसल्या. आम्हाला हसू आले नाही. पर्वतीच्या जलकेंद्राने दशकानुदशके याच कालव्यातून पाणी घेऊन ते सगळ्या शहराला पाजले आहे. जलकेंद्र येथून हाकेच्या अंतरावर आहे.

पुढे हिंगणे, विठ्ठलवाडी, वडगाव. येथे काठाचा रस्ता कोठे डांबरी, कोठे खडीचा, कोठे कुंपण घालून बंद केलेला. बंद असेल तेथे सिंहगड रस्त्यावर यावे आणि पुढच्या पुलाशी पुन्हा काठ धरावा. धायरी-नांदेड ओलांडले की गर्दी जरा विरळ होते. खंड्या तारेवर बसलेला दिसतो, बगळे काठाकाठाने चालतात आणि टिटवी डोक्यावरून ओरडत जाते. मुलांनी मोजलेले खंड्या अकरा झाले. उजवीकडे नदीपलीकडे डोंगर, समोर सिंहगडाचा माथा. डिसेंबरच्या उन्हात ही दोन-तीन कोसांची वाट फार सुखाची आहे.

खडकवासल्याचे धरण १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७९ मध्ये पुरे झाले. कॅप्टन फाइफ या लष्करी इंजिनिअरची ही योजना, म्हणून जलाशयाचे जुने नाव लेक फाइफ. धरणातून दोन कालवे काढले गेले. डावा कालवा शहराने केव्हाच गिळला. लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या कॅनॉल रोड या नावात तो तेवढा उरला आहे. उजवा कालवा मात्र ११२ किलोमीटर लांब, हवेली-दौंडच्या कोरड्या रानाला पाणी देण्यासाठी काढलेला.

धरणाच्या इतिहासात एक नाव आपण आवर्जून घेतले पाहिजे. या बांधकामाला माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांत जोतीराव फुले होते. शाळा काढणारा, हौद मोकळा करणारा माणूस पोटासाठी चुना, खडी, दगडाचा व्यवहार करत होता. दगड फोडणारे वडार, मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाया, उघड्यावर भाकरी भाजणारी त्यांची बिऱ्हाडे हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात पाटबंधाऱ्याच्या अधिकाऱ्यांवर जे कोरडे ओढले आहेत ते पुस्तके वाचून ओढलेले नाहीत. पाणीपट्टी घ्यायची आणि शेतकऱ्याला वेळेवर, गरजेइतके पाणी मिळते की नाही ते बघायचे नाही, हे त्यांनी तेव्हा सांगितले. फाइफसाहेबाचे नाव तलावाला लागले. पाट्या वाहणाऱ्यांपैकी कोणाचेही नाव कोणत्या दगडावर नाही.

१२ जुलै १९६१ ची गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांकडून मुलांनी ऐकलेली होतीच. बांधकाम चालू असलेले पानशेत धरण सकाळी फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्यावर आला आणि त्याच दिवशी दुपारी तेही फुटले. निम्म्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर खडकवासला पुन्हा बांधला आणि नवा उजवा कालवा जरा वरच्या पातळीने काढला. तो २०२ किलोमीटर जातो, पार इंदापूर तालुक्यापर्यंत. आपण शहरात पाहतो तो हा नवा कालवा. जुना कालवा त्याच्या खालच्या अंगाने आहे. त्याची कथा दुसऱ्या रविवारी यायची आहे.

धरणाच्या भिंतीजवळ कांदाभजी आणि भाजलेली कणसे मिळतात. आम्ही मात्र डबे नेले होते. ज्वारीची भाकरी, खर्डा, बेसनाच्या वड्या. रविवारी चार माणसांची भजी आणि चहा म्हटले की शंभराच्या नोटा कशा जातात ते कळत नाही. जेवताना मुलांपैकी एकाने विचारले की बाबासाहेबांनी धरण बांधले होते का. प्रश्न चांगला होता. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज ही कामे त्यांच्याच खात्यात येत. दामोदर खोऱ्याची योजना, ओरिसातल्या महानदीवरचे हिराकूड, नद्यांचा विचार करणारा मध्यवर्ती आयोग (१९४५) यांची पायाभरणी त्या चार वर्षांत झाली. जास्तीचे पाणी म्हणजे संकट, ते समुद्राकडे लोटून द्यावे, या जुन्या समजुतीला त्यांनी विरोध केला. पाणी ही लोकांची संपत्ती आहे, ते साठवा, शेतीला द्या, वीज करा, त्याच्यावरून बोटी चालवा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या माणसाला लहानपणी शाळेत नळाला हात लावू दिला नाही, त्याने देशाच्या नद्यांचा आराखडा मांडला. हे मुलांना धरणाच्या भिंतीसमोर बसून सांगता आले याचे आम्हाला फार समाधान वाटले.

दुसरा रविवार. या वेळी पाण्याबरोबर.

स्वारगेटपासून कालवा गोळीबार मैदानाच्या बाजूने कॅम्पच्या कडेला जातो. रेसकोर्स, एम्प्रेस गार्डन, वानवडी. काठाला मोठमोठी झाडे आणि गार सावली. हा साहेबांचा मुलूख होता. याच कॅम्पातल्या मेसॉनिक हॉलमध्ये शिवराम जानबा कांबळे बटलरची नोकरी करत, आणि ती करता करता १९०८ साली त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. दिवसा साहेबाची ताटे-पेले, रात्री छपाईची मुद्रिते. आपल्या हातातली साप्ताहिके त्या मुद्रितांच्या वंशातली आहेत.

हडपसरपर्यंतचा भाग सांगण्यासारखा नाही. काठावर राडारोडा, प्लास्टिक, निर्माल्य, पुलापुलाशी वाहनांची कोंडी. शहरात काही ठिकाणी तर उतरून सायकल हातात धरून चालावे लागले.

साडेसतरा नळी हे गमतीचे नाव असलेल्या भागात खालच्या अंगाचा जुना कालवा भेटतो. त्याला आता लोक बेबी कॅनॉल म्हणतात. वरच्या नव्या कालव्यात धरणाचे पाणी असते. बेबी कॅनॉलमध्ये मुंढव्याच्या जॅकवेलमधून उपसलेले नदीचे पाणी सोडतात. म्हणजे शहराने वापरून, शुद्ध करून किंवा तसेच नदीत सोडलेले पाणी. शहराला प्यायला धरणाचे पाणी जास्त लागते, म्हणून त्याच्या बदल्यात खालच्या शेतीला हे. पाणी काळपट, वरती फेस. मांजरी, लोणी, उरुळीच्या शेतकऱ्यांनी या पाण्याबद्दल वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. मुलांनी नाके दाबली.

येथे आम्हाला गावातला जुना पाणवठा आठवला. वरच्या अंगाला कोणी भरायचे, त्याखाली कोणी, आणि सर्वांत खाली कोणी, हे आपल्या आई-आज्यांना सांगावे लागत नव्हते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. त्याच ठरावाच्या आधारावर महाडची नगरपालिका आणि पुढे चवदार तळे आले. आता वरचा-खालचा पाणवठा जातीने ठरवलेला नाही, हे खरे. तो पाइपने आणि पंपाने ठरतो. पण शहराचे वापरलेले पाणी खालच्या गावाला आणि शहराचा कचराही खालच्याच गावाला, ही रीत ओळखीची वाटते. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या कचरा डेपोने तेथल्या विहिरींचे पाणी कसे नासवले, ते त्या गावांनी वर्षानुवर्षे आंदोलने करून सांगितले आहे. तो कचरा गोळा करणारे सफाई कामगार कोण आहेत, हेही आपल्याला सांगायला नको.

मांजरीत पोचलो तेव्हा उन्हाला जरा धार आली होती. येथून खरा ग्रामीण भाग सुरू होतो, किंवा सुरू व्हायचा असे म्हणावे. कारण निम्म्या रानात आता बारा-बारा मजले उभे आहेत. तरीही मधूनमधून उसाचे फड आहेत, पालक-मेथी-कोथिंबिरीचे वाफे आहेत, फुलझाडांच्या रोपवाटिका आहेत. कालव्याच्या झिरप्यावर उंबर आणि करंज माजलेले आहेत. चारीचे दार उघडून एक जण खोऱ्याने पाणी वळवत होता. मुलांनी पाटाचे पाणी वाफ्यात शिरताना पहिल्यांदाच पाहिले. माती पाणी पिते तेव्हा बारीक आवाज येतो. तो ऐकण्यासाठी ती दोघे उकिडवी बसून राहिली, उठेनात.

याच मांजरीत जोतीरावांची साठ एकर शेती होती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे शिक्षणाबद्दल जे निवेदन त्यांनी दिले, त्याखाली आपली ओळख व्यापारी, शेतकरी व नगरपालिकेचे सभासद अशी लिहिली. त्यातला शेतकरी तो या मातीतला. ज्या धरणाला त्यांनी माल पुरवला त्या धरणाचा कालवा याच गावावरून गेला आणि माळरानाची बागायत झाली. पाणी आले की जमिनीचा भाव कसा वाढतो, सावकार आणि भटकारकून तेथे कसे जमतात, हे त्यांच्याइतके जवळून कोणी पाहिले असेल? शेताची नेमकी जागा दाखवणारा माणूस आम्हाला मात्र भेटला नाही. दोघा-तिघांना विचारले, ते मोबाइलमध्ये पाहू लागले.

पाणी जमिनीला मिळते. ज्याला जमीन नाही त्याला कालवा म्हणजे नुसते वाहते पाणी. आपल्या समाजाची जमीन म्हणजे महार वतनाची जमीन. गावाची बारमाही वेठ करायची आणि मोबदल्यात हा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे बिल मांडले. वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये. कोरडवाहू तुकड्याला कालव्याचे पाणी मिळाले तर त्याचे सोने झाले असते, पण पाणी यायच्या आत किंवा आल्याबरोबर कित्येक तुकडे हातातून गेले. पुढे शहर आले आणि त्याच जमिनीला कोटींचे भाव आले. येथून जवळच, मुंढव्यातल्या महार वतनाच्या चाळीस एकरांच्या व्यवहारावरून २०२५ साली राज्यभर गदारोळ उठला, तो वाचकांच्या स्मरणात आहे. ज्यांच्या घरात वतनाचे जुने कागद आहेत त्यांनी ते एकदा काढून, झटकून, जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावेत. आमच्या सोबतच्या एका मित्राने घरी गेल्यावर तेच केले.

लोणी काळभोरच्या पुढे रस्ता उत्तम. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला ऊस. थेऊरचा यशवंत साखर कारखाना बंद पडून एक तप उलटून गेले, तरी ऊस आहेच; तो लांबच्या कारखान्यांना जातो. एका वाडीत पंचशील ध्वज दिसला म्हणून आत वळलो. छोटेसे विहार, पत्र्याचे छप्पर, तथागतांची पांढरी मूर्ती, बाजूला बाबासाहेबांची तसबीर. त्रिशरण-पंचशील म्हटले. जयभीम म्हणत चार-पाच माणसे जमली, चहा आला आणि पाठोपाठ ऊसही आला.

एक वृद्ध गृहस्थ, ऐंशीच्या घरातले, सांगू लागले. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आपल्याला जाता येत नसे. कालव्याला मात्र कोणी अडवत नसे. कालवा सरकारचा, तेथे पाटलाचे चालत नव्हते. "पण तिथंबी आमच्या बाया खालच्या मोरीपाशीच भरायच्या," ते म्हणाले, "कुणी सांगितलं नव्हतं तरी." बायकोच्या माहेरी विहिरीला हात लावला म्हणून मारहाण झाली होती, तीही हकिकत त्यांनी सांगितली. १९५६ नंतर त्यांच्या आईने एके दिवशी वरच्या पायरीवर जाऊन घागर भरली. काय झाले? "काय व्हायचंय? पाणी तेच की. आई म्हणाली, गोड लागतंय."

विहाराच्या ओट्यावर दोन शेतकऱ्यांचे आवर्तनावरून बोलणे चालले होते. पाणी कधी सुटणार, शहर किती ठेवून घेणार, दौंड-इंदापूरला किती जाणार. दर वर्षी कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि दर उन्हाळ्यात भांडण पेटते. पुण्याचे म्हणणे, माणसे आधी. खालच्यांचे म्हणणे, आम्हीही माणसेच. ते ऐकताना रोहिणी नदीची आठवण न होणे कठीणच. शाक्य आणि कोलीय यांच्या शेतांना रोहिणीचे पाणी मिळे. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून मारामारी झाली आणि शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला. सिद्धार्थाने भर सभेत त्याला विरोध केला. दोन्ही बाजूंची माणसे निवडून चौकशी करावी, दोष कोणाचा ते ठरवावे, असे त्याने सुचवले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले आणि त्याने गृहत्याग पत्करला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गृहत्यागाचे कारण म्हणून म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची जुनी कथा बाजूला सारून ही पाण्याची कथा सांगितली आहे. त्या ओट्यावर मुलांना ती पुन्हा सांगितली तेव्हा त्यांतला एक शेतकरी म्हणाला, "म्हणजे समिती नेमा म्हणाले होते ते." आमच्यात हशा पिकला. पण त्याचे म्हणणे बरोबर होते.

येथेच सरकारच्या बोगद्याच्या योजनेची चर्चा निघाली. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून न्यायचे, म्हणजे गळती, बाष्पीभवन, चोरी आणि घाण टळेल, असे सरकारचे म्हणणे आहे. ते चुकीचे नाही. वाचलेले पाणी खालच्या गावांना मिळणार असेल तर ते हवेच आहे. २०१८ सारखी फूटही मग होणार नाही. पण कालवा बंद झाला की शहराच्या पोटातून गेलेली मैलोन्‌मैल लांब सरकारी जमिनीची पट्टी मोकळी होईल. तिच्यावर रस्ते करावेत अशा सूचना आताच येत आहेत. जनता वसाहतीसारख्या वस्त्या त्या पट्टीला खेटून आहेत. रस्त्याची आखणी करताना काठावरची घरे अतिक्रमण म्हणून मोजली जातील की पुनर्वसनाचा हक्क असलेली कुटुंबे म्हणून, हे आत्ताच विचारले पाहिजे. कालव्याकाठच्या वस्त्यांतील मंडळांनी आणि महिला बचत गटांनी आपली घरपट्टी, वीजबिले, फोटोपास हे कागद एकत्र करून ठेवावेत. पूर आला तेव्हा हेच कागद वाहून गेले होते. झेरॉक्स काढून नातेवाइकाच्या घरी एक संच ठेवावा.

उरुळी कांचनला पोचायला दुपारचे दोन वाजले. गांधीजींनी १९४६ साली सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम येथे आहे. मुलांना भूक लागली होती, म्हणून त्याऐवजी रस्त्याकडेच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. कालवा पुढे यवतकडे जातो. आम्ही मागे फिरलो, या वेळी मोठ्या रस्त्याने नाही, काठाकाठानेच, कारण सोलापूर रस्त्यावर ट्रकांच्या शेजारून मुलांना नेणे धोक्याचे आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. स्वारगेट ते खडकवासला सुमारे सोळा किलोमीटर, स्वारगेट ते उरुळी कांचन सुमारे तीस. लहान मुले असतील तर हडपसरपर्यंत टेम्पोने जाऊन तेथून काठ धरावा. जानेवारीअखेरपर्यंत हवा चांगली असते. कालव्याला कठडा नाही. मुलांना पाण्याच्या बाजूने चालवू नये, पाण्यात तर मुळीच उतरू देऊ नये. अस्तराच्या उतारावर शेवाळ असते आणि घसरलेल्या माणसाला वर चढता येत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. प्यायचे पाणी घरून न्यावे. बाभळीचे काटे सगळीकडे आहेत, म्हणून पंप, सोल्युशन आणि दोन तुकडे ट्यूब जवळ असू द्यावी. आमच्या पाच सायकलींत चार पंक्चर झाली. त्यांतली दोन लोणीतल्या एका मुलाने काढून दिली, आणि जयभीम म्हणून पैसे घेतले नाहीत.